वारा वाढण्याआधी

पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे. १७४७ मध्ये बांधलेलं. आतला देव रामेश्वर, पण गावाला देवळाची ओळख आहे ती दर्शनी बाजूला टांगलेल्या घंटेमुळं. ही घंटा पोर्तुगीज घडणीची. तिच्यावर १७२१ हे साल आहे, आणि चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयाची खूण म्हणून ती इकडं आली असं मानतात. समुद्रकाठी वाजायची ती घंटा घाट चढून नाशकात आली आणि इथं तिला निराळंच काम लागलं. गोदावरीचं पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे महापूर, असा जुन्या नाशिकचा हिशेब. त्याखालची मापं रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात: गुडघे, कंबर, छाती, गळा.

शिडाच्या बोटींवरच्या पुस्तकाची प्रस्तावना देवळाच्या घंटेपासून कशाला, असं कोणी विचारील. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे झळकू लागतात. भांडी बाजारात नि सराफ बाजारात त्या आकड्यांना फारशी किंमत नाही. तिथं प्रश्न एकच असतो: मारुतीला कुठवर आलं? २ ऑगस्ट २०१६ ला मोठा पूर आला, त्या दिवशी मी नदीकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. एक दुकानदार गुडघाभर पाण्यातून खोकी डोक्यावर घेऊन पळत होता. मुलाला ओरडत होता, मुलगा नोकराला ओरडत होता. शेजारचे दुसरे दुकानदार वरच्या पायरीवर उभे राहून चहा पीत होते. बघ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, काय थंड डोक्याचा माणूस आहे! त्यांचं दुकान सकाळीच रिकामं झालं होतं. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की खालच्या दोन फळ्या मोकळ्या करायच्या, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. त्या दिवशीही तो त्यांनी बिनचूक पाळला होता. डोकं थंड राहिलं, कारण दुपारी त्याला ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढच्या पानांतल्या साऱ्या हकिकती याच गोष्टीभोवती फिरतात. दडपणाखाली शांत राहणं हा गुण आपण स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. अमका मुळातच शांत, तमका तापट. दर्यावर्दींच्या हकिकती वाचताना हा हिशेब चुकतो. तिथं तापट माणसंही वादळातून नीट बाहेर पडलेली दिसतात आणि देवमाणूस म्हणावा असा गृहस्थ ऐन वेळी गोठून गेलेला दिसतो. कोणता निर्णय आधी घेऊन ठेवला होता आणि कोणता वादळाच्या तोंडी सोडला होता, यावर सगळं ठरतं. मन शांत करण्याची पुस्तकं बाजारात ढिगानं आहेत, त्यांत डोळे मिटून श्वास मोजायला सांगतात. श्वास अवश्य मोजावा. पण तो मोजून डोळे उघडाल तेव्हा बोट तितकीच कललेली असेल.

नाशिकपासून समुद्र दूर आहे, ही सबब चालणार नाही. भारतीयांच्या एकट्यानं केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणांमागची कल्पना एका मराठी माणसाची, आणि तो माणूस उतारवयात फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत राहत होता. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रात आयएनएस कमोर्टा या नौकेवरून लढलेले, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर माणदेशाच्या शेजारच्या त्या कोरड्या मुलखात त्यांनी घर केलं, झाडं लावली, आणि तिथं बसून एक हट्ट धरला: भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारावी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते गेले, तोवर हा हट्ट एकदा सोडून दोनदा पुरा झालेला त्यांनी पाहिला. विंचुर्णीतून समुद्र दिसत असेल, तर तो नाशकातूनही दिसायला हरकत नाही.

पहिल्यांदा तो पुरा केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून ‘म्हादेई’ ही बोट घेऊन निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत चार थांबे: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. वर्तमानपत्रांनी अर्थातच प्रवासाचे महिने मोजले. मला त्याआधीची तीन वर्षं जास्त बोलकी वाटतात. २००६ मध्ये त्यांनी या कामासाठी हात वर केला तेव्हा बोटच नव्हती. ते इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडं गेले. कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला हा पहिला माणूस. १९६९ मध्ये ज्या ‘सुहैली’तून त्यानं ती पुरी केली, ती बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत कुलाब्याला बांधलेली. परत आल्यावर दोंदे गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटकारखान्यात ठाण मांडून बसले. दांडेकरांनी तोवर एवढी मोठी शिडाची बोट बांधलेली नव्हती, दोंद्यांनी एवढी मोठी चालवलेली नव्हती. छप्पन्न फुटांची ‘म्हादेई’ दोघांच्या नजरेसमोर फळी-फळीनं उभी राहिली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. नंतर सरावाच्या सफरी झाल्या. मॉरिशसहून गोव्यापर्यंतचा परतीचा प्रवास दोंद्यांनी एकट्यानं केला.

भर समुद्रात रात्री काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला, तर पहिला प्रश्न असतो: कुठं? ज्यानं बोट विकत घेतली त्याला हा आवाज सगळीकडून येतो. ज्यानं ती बांधताना पाहिली, प्रत्येक बोल्ट कुठल्या पाट्यातून कुठं जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो एका ठिकाणाहून येतो. भीती दोघांनाही वाटते. एकाच्या भीतीला पत्ता असतो, एवढाच फरक.

आता शिडाकडं येऊ, कारण या पुस्तकाचा गाभा तिथं आहे. ज्यांनी कधी शिडाची बोट चालवली नाही, त्यांना वाटतं की वारा दुप्पट झाला म्हणजे ताण दुप्पट झाला. तसं होत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. बारा नॉटचा वारा, म्हणजे ताशी साधारण बावीस किलोमीटर, ही मजेची हवा. बोट हलकी कललेली, चहाचा कप ठेवला तर जेमतेम घसरतो. तोच वारा चोवीस नॉट झाला की त्याच शिडावर चौपट जोर येतो. बोट एका कुशीवर पडते, एका बाजूचा कठडा पाण्यात जातो, सुकाणू हाताला जुमानत नाही. या दोन अवस्थांमध्ये कधीकधी एका ढगाएवढंच अंतर असतं. यावर उपाय म्हणजे शिडाचं क्षेत्रफळ कमी करायचं. बोटीवर त्याला रीफ घेणं म्हणतात.

रीफ कसा घेतात ते सांगतो, म्हणजे पुढची बरीच पानं सोपी जातील. आधी मोठ्या शिडाचा आडवा दोर सैल सोडायचा, म्हणजे शिडातला वारा निसटतो आणि शीड फडफडू लागतं. हा आवाज भयंकर असतो, नवख्याला वाटतं काहीतरी फाटतंय. फाटत काही नाही. मग शीड डोलकाठीवर ओढून धरणारा दोर थोडा सोडायचा. शीड खाली येतं. त्याच्या पुढच्या कडेत शिवलेलं कडं डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या आकड्यात अडकवायचं. वरचा दोर पुन्हा ताणायचा, अगदी टणक होईतो. मग शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर आवळायचा, खाली लोंबणारं कापड गुंडाळायचं, आडवा दोर परत ओढून घ्यायचा. सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटं पुरतात. क्रम मात्र बदलून चालत नाही. कडं अडकवण्याआधी मागचा कोपरा आवळला तर शीड फाटू शकतं. म्हणून हा क्रम धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, वारा नसताना, पुन्हा पुन्हा गिरवतात. पुढं डोळे बांधूनही करून पाहतात, कारण खरी गरज पडते ती बहुधा अंधारात आणि पावसात.

रीफ कधी घ्यायचा, याबद्दल जगभरच्या शिडाच्या बोटींवर एकच उत्तर मिळतं: घ्यावा का, असं पहिल्यांदा मनात येईल तेव्हा. हे उत्तर ऐकायला गमतीचं आहे, पण त्यात माणसाच्या स्वभावाची पक्की पारख आहे. वारा वाढत असताना आपण स्वतःला समजावत राहतो. जाईल हा ढग. अजून दहा मिनिटं पाहू. आत्ताच तर वेग मिळालाय. त्या दहा मिनिटांनी काम दहापट अवघड होतं, कारण आता कललेल्या, ओल्या डेकवर, एका हातानं स्वतःला धरून, दुसऱ्या हातानं ते कडं आकड्यात घालायचं असतं. पहिल्या शंकेलाच रीफ घेणारा माणूस कधीकधी उगाच घेतो; वारा पडतो, बोट रेंगाळते, शेजारची बोट पुढं निघून जाते, सोबती हसतात. हे हसू ज्याला सोसत नाही त्यानं समुद्रावर जाऊ नये. कचेरीतही जाऊ नये, असं माझं मत आहे, पण ते राहू द्या.

रीफ घेऊनही भागलं नाही तर काय करायचं, हे सांगणारी युक्ती माझ्या विशेष आवडीची. शिडाच्या बोटींवर तिला हीव्ह टू म्हणतात. बोटीला बहुधा दोन शिडं असतात. पुढचं लहान शीड मुद्दाम उलट्या बाजूला धरायचं, म्हणजे ते बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यापासून दूर ढकलतं. सुकाणू असं वळवून बांधून टाकायचं, की ते नाळ वाऱ्याकडं ओढेल. दोघं एकमेकांशी भांडतात आणि या भांडणात बोट जवळजवळ थांबते, ताशी मैलभर वेगानं आडवी सरकत राहते. मघाशी जिथं उभं राहता येत नव्हतं तिथं आता स्टोव्ह पेटवता येतो, जखम बांधता येते, तासभर झोप काढता येते. वारा तेवढाच असतो, लाटा तेवढ्याच. ज्यांनी हे पहिल्यांदा अनुभवलं ते सगळे एकच गोष्ट सांगतात: आवाज एकदम कमी झाला. आमच्या रोजच्या जगण्यात या युक्तीला जागाच ठेवलेली नाही. घरात भांडण पेटलंय, रुग्णालयात नातेवाईक जमलेत, दुकानावर जप्ती आलीय, आणि प्रत्येकाला वाटतं, ताबडतोब काहीतरी केलंच पाहिजे. मुद्दाम, विचारपूर्वक, सगळं जागच्या जागी बांधून थांबायचं आणि आधी जेवून घ्यायचं, हा पर्याय कोणी मांडला तर त्याला बेजबाबदार ठरवतात.

घाईनं केलेल्या गोष्टीची किंमत किती असू शकते, याचं उदाहरण १९७९ च्या ऑगस्टमधलं. इंग्लंडमधून निघालेल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी होत्या. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या समुद्रात त्यांना अनपेक्षित जोराचं वादळ लागलं आणि शर्यतीतली १५ माणसं दगावली. चौकशीत पुढं आलेली एक गोष्ट अंगावर काटा आणते. चोवीस बोटी माणसांनी सोडून दिल्या होत्या. त्यांतल्या पाचच बुडाल्या. उरलेल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. आणि मेलेल्यांपैकी कित्येकजण बोट सोडून रबरी तराफ्यात चढताना किंवा तराफा उलटल्यानं गेले होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. डोलकाठी मोडलेली, आत गुडघाभर पाणी, रात्र, बोट एकदा पूर्ण उलटून सरळ झालेली. समोर नारिंगी रंगाचा कोरडा तराफा. कोणीही उडी मारील. या प्रसंगानंतर शिडाच्या बोटींवर एक नियम पक्का झाला. तराफ्यात जायचं ते वर चढून. बोट पायाखालून जाईपर्यंत बोटीतच राहायचं. हा नियम किनाऱ्यावर, दिवसाउजेडी पाठ करायचा असतो. त्या रात्री सुचण्यातला तो नाही.

पुस्तकात अभिलाष टॉमी यांच्यावर मोठा भाग आहे आणि तो असायलाच हवा. न थांबता, कुणाच्या मदतीविना एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२ च्या नोव्हेंबरात ‘म्हादेई’च घेऊन मुंबईहून निघाले आणि मार्च २०१३ अखेर परतले. पण इथं महत्त्वाचा आहे तो २०१८ चा सप्टेंबर. गोल्डन ग्लोब शर्यतीत जुन्या पद्धतीनंच जायचं असतं. जीपीएस वापरायचं नाही, नकाशा आणि सेक्स्टंट यांवर भिस्त. टॉमींची बोट ‘थुरिया’, म्हणजे त्या कुलाब्याच्या ‘सुहैली’ची दांडेकरांनी गोव्यात बांधलेली प्रतिकृती. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून जवळजवळ एकोणीसशे सागरी मैलांवर, वादळानं बोट उलटवली. डोलकाठ्या गेल्या. टॉमी उंचावरून आदळले, मणके मोडले.

त्यानंतर त्यांनी पाठवलेले छोटे छोटे संदेश जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार, उठता येत नाही. मग: पायाची बोटं हलतात, बधिरपणा आहे, खाता-पिता येत नाही. आणि: स्ट्रेचर लागेल. या संदेशांत विनवणी नाही, निरोप नाही, धीराची भाषासुद्धा नाही. वाचवायला येणाऱ्याला जे ठाऊक हवं तेवढंच आहे. पायाची बोटं हलतात ही माहिती डॉक्टरसाठी, स्ट्रेचर लागेल ही बचाव नौकेच्या कप्तानासाठी. पुष्कळ बोटींवर रेडिओशेजारी एक पाटी लावलेली असते: आधी बोटीचं नाव, मग ठिकाण, मग काय झालं, मग माणसं किती, मग काय हवं. ती पाटी शंभरदा वाचलेला माणूस पाठ मोडलेली असतानाही त्याच घाटात बोलतो. आपल्या नौदलाच्या विमानानं त्यांची बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेनं त्यांना उचललं. पाठीत टायटॅनियम घालून हा गृहस्थ पुन्हा उभा राहिला, २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकी बाई.

एकट्याच्या बोटीवर एक सोय असते, भांडायला कोणी नसतं. सहाजणी एका बोटीवर असल्या की काय होतं, ते ‘तारिणी’च्या प्रकरणात वाचा. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांना घडवण्यात दोंद्यांचा मोठा वाटा होता. शेवटच्या टप्प्यात, घर जवळ आलेलं असताना, सुकाणूत बिघाड झाला. रेटून नेण्याचा मोह किती झाला असेल! त्यांनी ठरलेल्या थांब्यांत नसलेलं मॉरिशस गाठलं, दुरुस्ती केली आणि मग निघाल्या. अनेकजणांच्या बोटीवर कामाची वाटणीही आधीच ठरलेली असते. कोणी पाण्यात पडलं, तर एका माणसानं फक्त बोट दाखवत राहायचं. पडलेल्यावरून नजर काढायची नाही, दोराला हात लावायचा नाही, कुणी हाक मारली तर वळून बघायचं नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हटली की पुन्हा सापडत नाही. बाकीचे धावपळ करत असताना एकजण पुतळ्यासारखा हात लांब करून उभा, हे दृश्य परक्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या घडीला बोटीवरचं सगळ्यात मोलाचं काम तोच करत असतो.

नाशिक जिल्ह्याचा स्वतःचा माणूस या विषयात आहे, फक्त त्याच्या नावेला शीड नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा. विहिरीला पाणी लागलं तर गाव जेवतं असा हा मुलूख. वडील गेले, पेट्रोल पंपावर काम केलं, २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला. पुण्यात त्याची उंची पाहून त्याला रोइंगला घातलं, आणि या गड्याला पाण्याची भीती! पाच वर्षांच्या आत, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये उतरला. त्या वर्षी घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी होती.

सिंगल स्कल ही नाव म्हणजे आठ मीटर लांबीची सुरीच. वजन चौदा किलोच्या आसपास. वल्ही सोडली तर जागच्या जागी उलटते. वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिथं जायचंय ते त्याला दिसत नाही, दिसतं ते मागं पडलेलं पाणी. पुढं कोण आहे हे कळायचं तर मान वळवायला हवी, आणि मान वळवली की नाव डगमगते. म्हणून हे खेळाडू वल्ह्याच्या एकेका फटक्याचा हिशेब ठेवतात. रिओच्या तळ्यावर पहिल्या दिवशी वारा इतका होता की सर्बियाची एक जोडी पाण्यात पडली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यती पुढं ढकलाव्या लागल्या. दत्तूची पहिली फेरी त्या पहिल्याच दिवसाच्या पाण्यात झाली आणि तिसरा येऊन तो पुढच्या फेरीत गेला. अखेर तेरावा आला. शेवटच्या शर्यतीत त्याची वेळ होती ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला एकेरीच्या अंतिम फेरीत तब्येत ढासळली आणि तो सर्वांत मागं राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत बसून त्यानं सुवर्णपदक घेतलं. आदल्या दिवशीचं पाणी आदल्या दिवशीच सोडून देणं त्याला कसं जमलं, हे पुस्तकाच्या संपादकांनी त्याला विचारायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे.

आणखी एक तक्रार. पुस्तकात शांतपणाचं कौतुक जरा जास्त झालंय. शांतपणाचा एक वाईट प्रकारही आहे, आणि तो महाराष्ट्रानं पाहिला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. मुंबईपासून दूर, तेलविहिरींजवळ, पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांसह नांगरून राहिला. १७ मेच्या वादळात नांगर तुटले आणि बार्ज बुडाला. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर नौकांनी १८६ जणांना वाचवलं. लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून माणसं रात्रभर पाण्यात तरंगत राहिली. त्यांतले बरेच कामगार होते, दर्यावर्दी नव्हते. पाण्यातल्या या शांतपणाला मी सलाम करतो. त्याआधीच्या शांतपणाला करत नाही. आकाश स्वच्छ असताना अस्वस्थ होणं हे बोटीवरचं कामच आहे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना तांडेल क्षितिजावरचा ढग पाहून सगळ्यांच्या आधी कुरकुर करू लागतो आणि जाळी लवकर ओढायला लावतो. तरुण खलाशी त्याला भित्रा म्हणतात. या पुस्तकात त्या कुरकुरीवर एक प्रकरण हवं होतं.

हे पुस्तक सलग वाचू नये. ज्यांना हकिकती आवडतात त्यांनी टॉमींपासून सुरुवात करावी. दोंद्यांची बोट बांधण्याची वर्षं नंतर वाचली तर अधिक कळतात. रीफ आणि हीव्ह टू यांची आकृत्यांसह प्रकरणं तरुणांनी उन्हाळ्यात वाचावीत आणि जमल्यास केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबवर किंवा गंगापूर धरणाच्या पाण्यावर जाऊन नाव नुसती हाताखाली कशी वागते ते पाहून यावं, जाताना लाइफ जॅकेटचे पट्टे आधी बांधावेत. तटरक्षक दलाचा बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे. कोकणात सुट्टीला जाणाऱ्यांनी तो फोनमध्ये टाकून ठेवावा. गाठींचं प्रकरण मात्र हातात दोरी घेतल्याशिवाय वाचण्यात अर्थ नाही. हातभर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, ती सुरुवातीला हातातून निसटते आणि गाठ जमली की नाही ते नीट कळत नाही.